सांडपाणी आणि सूक्ष्मजीव

प्रास्ताविक

मोरीत ओतलेले पाणी नळीतून दिसेनासे झाले, की आपल्या दृष्टीने त्याचा प्रश्न संपतो. वास्तविक त्या पाण्याचा खरा प्रवास तेथूनच सुरू होतो. त्यात खरकटे असते, साबण असतो, मैला असतो. कारखान्यांच्या पाण्यात तर रंग, क्षार आणि निरनिराळी रसायने मिसळलेली असतात. या सर्व घाणीचे पुढे काय होते? ती नाहीशी कोण करते? आणि ती सर्वच नाहीशी होते काय? प्रस्तुत पाठात या प्रश्नांचा विचार केला आहे.

नदीची शक्ती आणि तिची मर्यादा

वाहते पाणी आपोआप शुद्ध होते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. ती अगदीच निराधार नाही. एखाद्या लहान गावाचे सांडपाणी मोठ्या नदीस मिळाले, तर काही अंतरावर ती नदी पुन्हा निर्मळ दिसू लागते. ही किमया केवळ प्रवाहाची नसते. पाण्यात राहणारे असंख्य जिवाणू त्या घाणीतील सेंद्रिय पदार्थ खातात. हे करताना ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात आणि त्या पदार्थांचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाणी व स्वतःच्या नव्या पेशी यांत करतात.

येथेच नदीच्या शक्तीची मर्यादाही लक्षात येते. सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमानास एक लिटर स्वच्छ पाण्यात जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅम इतकाच ऑक्सिजन विरघळू शकतो. याउलट, शहरातील एक लिटर सांडपाण्यातील घाण खाऊन संपवण्यासाठी जिवाणूंना साधारणपणे २०० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे एक लिटर सांडपाणी पंचवीस लिटर स्वच्छ पाण्यातील सगळा ऑक्सिजन संपवू शकते. हवेतून नवा ऑक्सिजन पाण्यात मिसळत असतो हे खरे, परंतु त्याचा वेग मंद असतो. सांडपाणी वाढत गेले, की जमाखर्चाचा मेळ बसत नाही. मग मासे तडफडून मरतात, पाणी काळे पडते आणि त्यातून कुजक्या अंड्यांसारखी दुर्गंधी येऊ लागते.

सांडपाण्यातील घाण मोजण्याची एक महत्त्वाची पद्धत याच विचारातून निर्माण झाली. पाण्यातील घाण खाण्यासाठी जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, या मापास ‘जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी’ म्हणतात. व्यवहारात ते ‘बीओडी’ या नावाने ओळखले जाते. इंग्लंडमधील सांडपाणी आयोगाने १९१२ साली आपल्या आठव्या अहवालात या चाचणीवर आधारलेले मानक सुचवले. ही चाचणी तेथे पाच दिवसांची ठरली. भारतातील उष्ण हवामान लक्षात घेऊन आपल्याकडे ती २७ अंश तापमानास तीन दिवस केली जाते. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांखालील सर्वसाधारण मानकांनुसार नदी-तलावांत सोडावयाच्या पाण्याची बीओडी लिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. म्हणजेच २०० चे ३० करावयाचे, हे शुद्धीकरणाचे पहिले काम होय.

विरजणाचे तत्त्व

हे काम नदीवर न सोपवता टाकीत कसे करता येईल, याचे उत्तर इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात मिळाले. डेव्हिहल्म येथील सांडपाणी केंद्रात एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोन रसायनतज्ज्ञ काम करीत होते. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर हे १९१२ साली अमेरिकेत जाऊन तेथील प्रयोग पाहून आले होते. त्यांच्या सूचनेवरून आर्डर्न व लॉकेट यांनी बाटल्यांत सांडपाणी भरून त्यातून हवेचे बुडबुडे सोडण्यास प्रारंभ केला. पहिल्या खेपेस पाणी पूर्णपणे शुद्ध होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. इतक्या संथ पद्धतीचा शहराला काय उपयोग?

परंतु त्यांनी एक निराळी गोष्ट केली. शुद्ध झालेले वरचे पाणी काढून घेतल्यावर तळाशी बसलेला तपकिरी गाळ त्यांनी फेकला नाही. त्याच बाटलीत नवे सांडपाणी ओतून पुन्हा हवा सोडली. असे वारंवार करीत गेल्यावर लागणारा वेळ कमी कमी होत गेला आणि अखेरीस चोवीस तासांच्या आत पाणी शुद्ध होऊ लागले. त्या गाळात सांडपाण्यावर पोसलेल्या जिवाणूंचे कोट्यवधी थवे साठले होते. ३ एप्रिल १९१४ रोजी त्यांनी हे संशोधन जाहीर केले. या गाळास त्यांनी ‘क्रियाशील गाळ’ असे नाव दिले. आज जगभरातील असंख्य शहरांचे सांडपाणी याच पद्धतीने शुद्ध केले जाते. पुढे फाउलर हे बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. या शोधाचा भारताशी असाही एक संबंध आहे.

आपल्या घरात दही लावण्याची रीत याच तत्त्वावर चालते. आजच्या दह्यातील चमचाभर दही बाजूला ठेवायचे आणि उद्याच्या दुधात ते विरजण म्हणून घालायचे. विरजण चांगले असेल, तर दूध रात्रीतून लागते. क्रियाशील गाळ हे सांडपाण्याचे विरजणच होय.

शुद्धीकरण केंद्रात काय घडते?

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात पाणी प्रथम लोखंडी जाळ्यांतून जाते. तेथे चिंध्या, प्लास्टिक, काड्या अशा वस्तू अडतात. पुढील लहान टाकीत वाळू व खडे तळाशी बसतात. त्यानंतर पाणी मोठ्या निवळण टाकीत संथपणे वाहते आणि त्यातील जड घाण खाली बसते. येथवरचे काम यंत्रांचे आणि गुरुत्वाकर्षणाचे असते. तरीही पाण्यात विरघळलेली घाण तशीच राहते. ती जाळीत अडकत नाही आणि तळाशीही बसत नाही.

यानंतर पाणी वायुमिश्रण टाकीत येते. मोठ्या पंख्यांनी घुसळून किंवा तळाच्या नळ्यांतून हवा सोडून या टाकीतील पाणी सतत उकळल्यासारखे खळबळते ठेवलेले असते. लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम ऑक्सिजन पाण्यात टिकून राहील, अशी दक्षता घेतली जाते. येथे जिवाणू आपले काम करतात. प्रत्येक पदार्थ तोडण्यासाठी त्यांच्याजवळ वेगळे विकर असते. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. मोठे रेणू पेशीच्या आत शिरू शकत नाहीत. म्हणून जिवाणू विकरे बाहेर सोडून त्यांचे तुकडे करतात आणि मग ते तुकडे आत घेतात. त्यांतील काही भाग जाळून ते ऊर्जा मिळवतात आणि उरलेल्यातून नव्या पेशी घडवतात. व्हॉर्टिसेला यांसारखे एकपेशीय प्राणी मोकळे तरंगणारे जिवाणू खातात, त्यामुळे पाणी अधिक नितळ होते.

यानंतरच्या निवळण टाकीत जिवाणूंचे पुंजके तळाशी बसतात. वरचे स्वच्छ पाणी पुढे जाते आणि तळाच्या गाळाचा मोठा भाग पुन्हा वायुमिश्रण टाकीत आणून सोडला जातो. या रचनेतील खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. पाणी केंद्रातून काही तासांतच बाहेर पडते, पण जिवाणू मात्र कित्येक दिवस तेथेच फिरत राहतात. त्यामुळे सावकाश वाढणाऱ्या जिवाणूंनाही टाकीत वस्ती करता येते.

अशा सावकाश वाढणाऱ्या जिवाणूंचे एक उदाहरण महत्त्वाचे आहे. मूत्रातून व प्रथिनांतून पाण्यात येणारा अमोनिया माशांना घातक असतो. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. नायट्रोस्पायरा व नायट्रोबॅक्टर हे नायट्राइटचे नायट्रेट करतात. हा अभ्यास रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास केला. नंतर ऑक्सिजन नसलेल्या टाकीत दुसरे जिवाणू नायट्रेटमधील ऑक्सिजन वापरून नायट्रोजन वायू मोकळा करतात. तो वायू निरुपद्रवीपणे हवेत मिसळतो. म्हणजे एका जिवाणूने टाकलेले दुसऱ्याचे अन्न ठरते.

विषाचे अन्न कसे होते?

खरकटे व मैला हे जिवाणूंचे नैसर्गिक अन्न आहे. परंतु कारखान्यातील विषारी रसायनांचे काय? पोलादाच्या कारखान्यांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. भिलाई, राउरकेला, बोकारो, जमशेदपूर अशा ठिकाणी लोखंड वितळवण्यासाठी कोक लागतो. त्यासाठी दगडी कोळसा हवाबंद भट्टीत सुमारे हजार अंशांपर्यंत तापवतात. या वेळी निघणारा वायू थंड करताना जे पाणी बाहेर पडते, त्यात फेनॉल, अमोनिया, सायनाइड, थायोसायनेट असे पदार्थ असतात.

यांतील फेनॉल तर जंतुनाशक म्हणूनच प्रसिद्ध आहे. जोसेफ लिस्टर यांनी १८६५ साली ग्लासगो येथे जखमेतील जंतू मारण्यासाठी ‘कार्बोलिक अ‍ॅसिड’ वापरले, ते फेनॉलच होय. जे जंतूंना मारते ते जंतूंनीच खावे, हे प्रथमदर्शनी अशक्य वाटते. तथापि तसे घडते. फेनॉलच्या रेणूत सहा कार्बन अणूंचे एक भक्कम कडे असते. स्यूडोमोनास व तत्सम जिवाणू प्रथम त्या कड्याला ऑक्सिजनचा एक अणू जोडतात. त्यामुळे कॅटेकॉल नावाचा पदार्थ तयार होतो. दुसरे विकर हे कडे एका ठिकाणी तोडते. कडे उघडले, की कार्बनची सरळ साखळी उरते. तिचे पुढे लहान आम्लांत रूपांतर होते आणि ती आम्ले पेशीच्या नेहमीच्या श्वसनक्रियेत जळून जातात. शेवटी उरतात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. ज्या वाटेने साखरेचा शेवट होतो, त्याच वाटेला फेनॉलचाही शेवट येऊन मिळतो.

मात्र ही क्षमता कोणत्याही गाळात एका दिवसात येत नाही. नव्या टाकीत एकदम पुष्कळ फेनॉल सोडले, तर जिवाणू मरतात. म्हणून प्रारंभी अगदी अल्प प्रमाणात फेनॉल देऊन ते हळूहळू वाढवतात. या काळात ज्या थोड्या जिवाणूंपाशी योग्य विकरे असतात, त्यांची संख्या वाढते आणि इतर मागे पडतात. काही जिवाणू तर अशा विकरांची माहिती असणारे गुणसूत्राबाहेरचे लहान वर्तुळाकार डीएनए एकमेकांना देतात. यालाच गाळ ‘सरावणे’ असे म्हणतात. यात क्रमालाही महत्त्व आहे. अमोनियावर काम करणारे जिवाणू फेनॉल व सायनाइड यांनी चटकन दुबळे होतात. फेनॉल खाणाऱ्यांनी आपले काम आधी उरकले, तरच त्यांना आपले काम करता येते. भारतातील सर्वसाधारण मानकांनुसार नदी-तलावांत सोडावयाच्या पाण्यात फेनॉलजन्य पदार्थ लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नयेत. सरावलेल्या गाळाची काळजीपूर्वक जोपासना केली, तर हे साध्य होऊ शकते.

अधिक खाणारा जिवाणू प्रयोगशाळेत घडवता येईल काय, असाही विचार झाला. सैंथिया (पश्चिम बंगाल) येथे १९३८ साली जन्मलेले आनंद चक्रवर्ती यांनी अमेरिकेत संशोधन करून खनिज तेलातील अनेक घटक खाऊ शकणारा स्यूडोमोनास जिवाणू तयार केला. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याचे पेटंट मान्य केले. सजीवावर पेटंट देता येते, असे सांगणारा तो निकाल जगभर गाजला. परंतु तो जिवाणू तेलगळती साफ करण्यासाठी प्रत्यक्षात वापरात आला नाही. शुद्धीकरण केंद्रे आजही प्रामुख्याने निसर्गातील मिश्र वस्तीवरच अवलंबून आहेत. कारण एका पराक्रमी जिवाणूपेक्षा एकमेकांना पूरक असणारे अनेक जिवाणू बदलत्या परिस्थितीत अधिक काळ टिकाव धरतात.

रंग गेला, पण विष गेले का?

कापडाला रंग देणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यात एक वेगळी अडचण येते. तमिळनाडूतील तिरुप्पूर, राजस्थानातील पाली, महाराष्ट्रातील इचलकरंजी ही वस्त्रोद्योगाची केंद्रे या पाण्याच्या प्रश्नाला तोंड देत आली आहेत. कापडाच्या रंगांपैकी बरेचसे ‘अ‍ॅझो’ वर्गातील असतात. त्यांच्या रेणूत दोन नायट्रोजन अणूंचा एक सांधा असतो. रंग दिसतो तो मुख्यत्वे या सांध्यामुळे. धुतल्यावर व उन्हात वाळवल्यावर कापडाचा रंग टिकावा म्हणून हे रेणू मुद्दामच चिवट बनवलेले असतात. हाच गुण सांडपाण्यात दोष ठरतो.

हवा खेळती असलेल्या टाकीत हा सांधा सहसा तुटत नाही. परंतु ऑक्सिजन नसलेल्या टाकीतील जिवाणू तो तोडतात आणि पाण्याचा रंग उडतो. पाणी फिकट झालेले पाहून काम पूर्ण झाले, असे वाटण्याचा संभव असतो. पण सांधा तुटल्यावर जे तुकडे उरतात, त्यांना अ‍ॅरोमॅटिक अमाइन म्हणतात. त्यांतील काही कर्करोगास कारणीभूत ठरतात. बेंझिडीन हे त्यांपैकी एक. ऑक्सिजन नसलेल्या टाकीत हे तुकडे बहुधा तसेच राहतात. म्हणून ते पाणी पुढे हवेच्या टाकीत न्यावे लागते. तेथील जिवाणू त्यांतील अनेक तुकड्यांचा पुढील नाश करतात. पहिली टाकी वगळली तर रंग राहतो आणि दुसरी वगळली तर न दिसणारे विष राहते. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे पाणी आणि खरोखर स्वच्छ पाणी यांतील हा भेद कायम ध्यानात ठेवावयास हवा.

रेणूचा आकार आणि फेसाचे डोंगर

जिवाणूंना काय पचेल, हे कधी कधी रेणूच्या नुसत्या आकारावर ठरते. १९५० नंतरच्या काळात युरोप-अमेरिकेत कपडे धुण्याच्या पावडरींचा वापर वेगाने वाढला. काही वर्षांतच तेथील नद्यांवर आणि शुद्धीकरण केंद्रांच्या टाक्यांवर फेसाचे डोंगर दिसू लागले. पावडरीतील फेसकारक रसायनाच्या रेणूला फांद्या फुटलेली कार्बनची साखळी होती. जिवाणू अशी साखळी टोकापासून दोन-दोन कार्बन तोडत खातात. वाटेत फांद्या आल्या, की त्यांचे काम अडते. त्यामुळे ते रसायन शुद्धीकरण केंद्रातून बऱ्याच प्रमाणात न पचताच बाहेर पडत होते.

यावर उपाय सापडला तो कारखान्यात. उत्पादकांनी फांद्यांऐवजी सरळ साखळी असलेले रसायन वापरावयास प्रारंभ केला. पश्चिम जर्मनीने १९६१ साली याविषयी कायदा केला आणि अमेरिकेतील उत्पादकांनी १९६५ पर्यंत हा बदल केला. कपडे पूर्वीसारखेच स्वच्छ निघत राहिले, पण फेस ओसरला. जिवाणू बदलण्यापेक्षा वस्तू बदलणे सोपे असते, हा धडा त्यातून मिळाला.

तरीही दिल्लीत ओखला बंधाऱ्याजवळ यमुनेवर पांढऱ्या फेसाचे थर दिसतात, ते का? त्याचे एक प्रमुख कारण असे, की मोठ्या प्रमाणावर सांडपाणी शुद्धीकरणाविना नदीत येते. पचण्याजोग्या रसायनालाही ते पचवणारे जिवाणू, ऑक्सिजन आणि वेळ या तिन्ही गोष्टी मिळाव्या लागतात. काळ्या पडलेल्या नदीत यांपैकी ऑक्सिजन उरलेलाच नसतो.

जे पचत नाही ते

जिवाणू रेणू तोडू शकतात, मूलद्रव्य तोडू शकत नाहीत. कानपूरजवळील जाजमऊ येथील अनुभव या संदर्भात महत्त्वाचा आहे. कातडी कमावण्यासाठी तेथील कारखान्यांत क्रोमियमचे क्षार वापरतात. सर्व क्रोमियम कातड्यात मुरत नाही. उरलेले पाण्याबरोबर बाहेर जाते. गंगा कृती योजनेखाली जाजमऊ येथे दररोज ३ कोटी ६० लाख लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र १९९४ साली सुरू झाले. कारखान्यांचे पाणी आणि त्याच्या तिप्पट घरगुती सांडपाणी एकत्र करून ते ऑक्सिजनविरहित टाकीतून खालून वर सोडण्याची ही पद्धत होती. ही पद्धत नेदरलँड्समधील गात्झे लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात विकसित केली होती. तिला हवा घुसळण्यासाठी वीज लागत नाही, उलट तिच्यातून मिथेन हा इंधनवायू मिळतो.

या टाकीत सेंद्रिय घाण पचू शकते. क्रोमियम मात्र पचत नाही. जिवाणू अधिक विषारी सहासंयुजी क्रोमियमचे कमी विषारी त्रिसंयुजी क्रोमियम करू शकतात. नाहीसे करू शकत नाहीत. ते गाळात साठते आणि तोच गाळ शेतात खत म्हणून टाकण्यास निरुपयोगी ठरतो. म्हणून क्रोमियम कारखान्याच्या आतच वेगळे काढून पुन्हा वापरणे, हाच खरा उपाय होय.

हैदराबादजवळील पाटणचेरू येथील अनुभव आणखी गंभीर आहे. तेथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी संशोधकांनी तपासले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. जिवाणूंना मारण्यासाठी बनवलेले औषध जिवाणूंच्याच टाकीत आले, तर जे त्याला दाद देत नाहीत तेच जगतात आणि वाढतात. असा प्रतिकार रोगजंतूंपर्यंत पोहोचला, की तेच औषध रुग्णाला लागू पडेनासे होते. गाळाचे ‘सरावणे’ फेनॉलच्या बाबतीत उपकारक होते. येथे तेच घातक ठरते.

याशिवाय न चिकटणारी भांडी, आग विझवण्याचा फेस इत्यादींसाठी वापरली जाणारी काही फ्लोरिनयुक्त रसायने इतकी चिवट आहेत, की नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रांतील जिवाणू त्यांचा पूर्ण नाश करू शकत नाहीत. त्यांतील कार्बन व फ्लोरिन यांचा बंध अतिशय बळकट असतो.

टाकीबाहेरची जबाबदारी

सूक्ष्मजीव पगार मागत नाहीत, सुट्टी घेत नाहीत. परंतु त्यांना टाकी, हवा आणि योग्य अन्न द्यावे लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मधील अहवालानुसार भारतातील शहरांत दररोज सुमारे ७,२३७ कोटी लिटर सांडपाणी निर्माण होत होते. उभारलेल्या केंद्रांची क्षमता सुमारे ३,१८४ कोटी लिटर होती आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते ते केवळ सुमारे २,०२४ कोटी लिटर. म्हणजे केंद्रे मुळात अपुरी होती आणि जी होती तीही पूर्ण क्षमतेने वापरली जात नव्हती. वायुमिश्रण टाकीची वीज दीर्घकाळ बंद राहिली, तर जिवाणू गुदमरतात आणि मेहनतीने जोपासलेला गाळ निकामी होतो.

आणखी एका गोष्टीचा विसर पडता कामा नये. गटारांत आणि शौचालयाच्या टाक्यांत ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू निर्माण करतात. हायड्रोजन सल्फाइड अधिक प्रमाणात असेल, तर त्याचा वास येणेच बंद होते आणि माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. साफसफाईसाठी आत उतरलेल्या अनेक कामगारांनी असे प्राण गमावले आहेत. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा अशा टाकीत उतरवण्यास मनाई केली आहे. जे काम सूक्ष्मजीवांनी टाकीत आणि यंत्रांनी गटारात करावयाचे, त्यासाठी माणसाचा जीव धोक्यात घालणे हा गुन्हा आहे.

घरोघरीही काही गोष्टी सहज करता येतात. उरलेला रंग, रंग पातळ करण्याचे थिनर, कीटकनाशके, वापरलेले इंजिन तेल आणि जुनी औषधे मोरीत किंवा शौचालयात ओतू नयेत. घराच्या शौचालयास मैल्याची टाकी असेल, तर तीत अ‍ॅसिड व जंतुनाशके भरमसाट जाऊ देऊ नयेत. त्या टाकीतील जिवाणू मेले, तर मैला पचत नाही व टाकी लवकर भरते.

सूक्ष्मजीवांनी मैला पचवला, फेनॉल पचवले, सरळ साखळीचा साबण पचवला. क्रोमियम त्यांना पचले नाही, आणि प्रतिजैविकांनी तर त्यांच्यातील घातक गुणच वाढीस लागला. त्यांची पचनशक्ती मोठी असली, तरी ती अमर्याद नाही. म्हणून पाणी शुद्ध करण्याचे काम शुद्धीकरण केंद्राच्या दारात सुरू होत नाही. कोणती वस्तू बनवावी आणि मोरीत काय ओतावे, हे ठरवताना ते सुरू होते.

विचार करा आणि लिहा

१. एक लिटर सांडपाणी पंचवीस लिटर स्वच्छ पाण्यातील ऑक्सिजन संपवू शकते, हे कशावरून म्हणता येते?
२. क्रियाशील गाळाला ‘विरजण’ का म्हटले आहे?
३. रंगीत सांडपाणी फिकट झाले, तरी ते शुद्ध झाले असे का म्हणता येत नाही?
४. गाळाचे ‘सरावणे’ एका ठिकाणी उपकारक व दुसऱ्या ठिकाणी घातक कसे ठरते?
५. आपल्या घरातील वा कामाच्या ठिकाणचे सांडपाणी कोठे जाते, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.